मेंढपाळ कोठे तयार करावेत?

(मंडळ्यांच्या अभ्यासवर्गासाठी पाठ. आरंभी वाचावयाचे भाग: प्रेषितांची कृत्ये ६:१–७ व १४:२१–२३; तीत १:५–९.)

औरंगाबादेहून, म्हणजे हल्लीच्या छत्रपती संभाजीनगराहून, जालन्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे शेंद्रा लागते. मांगीरबाबाच्या यात्रेमुळे हे गाव पूर्वीपासून लोकांस ठाऊक होते; आता ते तेथील कारखान्यांमुळे अधिक ठाऊक झाले आहे. आम्ही तेथे गेलो असता एका वृद्ध बंधूंनी आम्हांस एक प्रश्न केला. त्यांचा नातू पाळकाचे शिक्षण घ्यावे असे म्हणतो. विद्यालय दूर आहे, शिक्षण काही वर्षांचे आहे, आणि पुस्तके बहुतेक इंग्रजी आहेत. ते म्हणाले, "लेकरू शिकून मोठं होईल, त्याचा आनंदच हाय. पण माघारी आल्यावर ते आमचं राहील का?"

या प्रश्नास तेथल्या तेथे उत्तर देण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. परंतु हा प्रश्न शेंद्र्यात प्रथमच उत्पन्न झाला असे नाही. चारशे वर्षांपूर्वी तो रोम शहरी उत्पन्न झाला, गोव्यात त्यावरून मोठा कलह झाला, आणि पुढे अमेरिकेतील बिशपांसही तोच प्रश्न पडला. रोमन कॅथोलिक मंडळीशी आपले जे मतभेद आहेत ते आहेत; तथापि दूरदेशी पाठवावयाचे पाद्री कसे तयार करावेत याविषयी त्या मंडळीने जितके प्रयोग केले तितके फारच थोड्यांनी केले असतील. त्यांत काय साधले व काय फसले हे पाहिल्यास आपणांस पुष्कळ शिकता येईल, असे आम्हांस वाटते.

सोळाव्या शतकात पूर्वेकडील देशांत व अमेरिकेत जे मिशनकार्य चालले ते पोर्तुगाल व स्पेन येथील राजांच्या आश्रयाने चालले. जहाज राजाचे, पाद्र्याचा पगार राजाच्या खजिन्यातून, चर्चही राजाच्या पैशाने बांधलेले. त्याच्या बदल्यात बिशप कोणास नेमावे हे राजा सुचवी. या व्यवस्थेस 'पाद्रोआदो' म्हणत. आपल्या गावातील देवस्थानच्या इनामाचा ज्यांस अनुभव आहे, त्यांस हे समजावयास वेळ लागणार नाही. जो खर्च करतो त्याचाच शब्द चालतो. यामुळे झाले काय, की शुभवर्तमान व पोर्तुगीज सत्ता ही दोन एकच, असे येथील लोकांस दिसू लागले, आणि पुष्कळ पोर्तुगीजांसही तसेच वाटू लागले.

हे रोमेस कळत होते. १६२२ साली पोप पंधरावा ग्रेगरी याने धर्मप्रसारासाठी एक स्वतंत्र मंडळ स्थापिले. त्याचे लॅटिन नाव 'प्रोपगंदा फीदे'. या मंडळाचा पहिला चिटणीस फ्रान्सेस्को इंगोली हा मोठा उद्योगी गृहस्थ होता. तो १६४९ पर्यंत त्या जागी राहिला, आणि देशोदेशींहून आलेली पत्रे वाचून त्याचे ठाम मत झाले की, जोवर त्या त्या देशाचे पाद्री त्या त्या देशातून निघत नाहीत तोवर मंडळीचे मूळ जमिनीत खोल जाणार नाही. १६२६ साली मंडळाने अनेक लिप्यांचे खिळे असलेला छापखाना घातला. १६२७ साली पोप आठवा अर्बन याने रोमेत विद्यालय उघडले. त्यासाठी व्हिव्हेस नावाच्या स्पॅनिश धर्माधिकाऱ्याने आपला वाडा दिला. विद्यालयास पोपच्या नावावरून 'अर्बन कॉलेज' म्हणू लागले. देशोदेशींचे तरुण आणावे, त्यांस रोमेत शिकवावे, आणि परत जाऊन आपल्या लोकांची सेवा करू अशी शपथ त्यांच्याकडून घ्यावी, अशी योजना होती. शपथेची आवश्यकता का वाटली असावी, हे शेंद्र्याच्या त्या आजोबांस सांगावे लागणार नाही.

आता गोव्याकडे पाहू. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवे घेतले. १५४१ साली काही पाद्र्यांनी तेथे एक मंडळ स्थापून पूर्वेकडील निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे ती येशूसंघी पाद्र्यांच्या हाती गेली आणि सेंट पॉल कॉलेज या नावाने प्रसिद्ध झाली. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली याच कॉलेजात सुरू झाला. साष्टी भागात राचोल येथे १६१० साली विद्यालय झाले, ते आजही चालू आहे. तेव्हा गोव्यात शिक्षणाची सोय नव्हती असे मुळीच नाही. उणीव होती ती दुसऱ्याच गोष्टीची. येथील तरुणांस पाद्रीपदाची दीक्षा देत, पण ती वरिष्ठ जातींतून आलेल्यांसच. त्यांतही बहुतेकांस युरोपियन पाद्र्याच्या हाताखाली राहावे लागे, आणि धर्मसंघांची दारे तर त्यांस बंदच होती. म्हणजे एकीकडे गोऱ्याकाळ्याचा भेद आणि दुसरीकडे जातीचा भेद, असे दोन्ही भेद चर्चच्या आत येऊन बसले होते.

या गोव्यात, मांडवी नदीतील दिवाड बेटावर, १५९४ च्या सुमारास एका ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण कुटुंबात मातेउश द कास्त्रो याचा जन्म झाला. बारदेशातील रेइश मागुश येथील फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या विद्यालयात तो शिकला. त्याला पाद्री व्हावयाचे होते. परंतु गोव्याच्या आर्चबिशपाने त्याला दीक्षा देण्याचे नाकारले. दुसरा कोणी असता तर निमूटपणे घरी बसला असता. मातेउशाने रोमेची वाट धरली, आणि लांबचा खडतर प्रवास करून तो १६२५ च्या सुमारास तेथे पोहोचला. इंगोलीला जसा मनुष्य पाहिजे होता तसाच तो दाराशी येऊन उभा राहिला! प्रोपगंदाच्या आश्रयाने त्याने रोमेत अध्ययन केले, १६३० च्या सुमारास त्याची दीक्षा झाली, आणि रोमेची पत्रे घेऊन तो स्वदेशी परतला.

परंतु गोव्यातील अधिकाऱ्यांनी त्याचे अधिकारपत्र मान्य केले नाही. तो पुन्हा रोमेस गेला. या वेळी, १६३७ साली, रोमेने त्याला बिशप केले. हिंदुस्थानातून बिशप झालेल्या लॅटिन पंथाच्या पुरुषांत तो पहिला गणला जातो. त्याला विजापूरच्या आदिलशाही मुलखाचा अधिकार देण्यात आला. रोमेच्या कागदांत आदिलखानाच्या नावावरून या मुलखास 'इदलकान' असे म्हटले आहे. गोव्याच्या सरहद्दीला लागून डिचोली त्या वेळी आदिलशाहीत होते, पोर्तुगीजांचा हुकूम तेथे चालत नव्हता. तेथे राहून त्याने आपले काम आरंभिले आणि स्वदेशी तरुणांस पाद्रीपदाची दीक्षाही दिली. पोर्तुगीजांच्या दृष्टीने हा उघड बंडखोरपणा होता, आणि तो डच व विजापूरकर यांस गोव्यावर चालून येण्यास फूस देतो असा आरोपही त्याजवर आला. १६५३ साली त्याने गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्ती लोकांस उद्देशून 'ब्राह्मणांचा आरसा' या अर्थाच्या नावाचा एक लेख लिहिला, त्यात पोर्तुगीजांकडून होणाऱ्या अन्यायाविरुद्ध त्यांस जागे करण्याचा प्रयत्न आहे. शेवटी तो रोमेस परत गेला, आणि तेथेच १६७७ साली मरण पावला.

वाचकांपैकी पुष्कळांचे मन मातेउशाच्या बाजूने झुकेल, आमचेही झुकते. त्याच्यावर अन्याय झाला यात शंका नाही. तथापि एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. ज्या लेखात त्याने अन्यायाची दाद मागितली त्या लेखाचे नावच तो कोणासाठी लिहिला हे सांगते. दिवाडच्या ब्राह्मणाला पाद्री का होऊ देत नाही, असे त्याने विचारले. त्याच गोव्यातील कुणब्याला किंवा महाराला पाद्री का होऊ देत नाही, हे त्याने त्या लेखात विचारले नाही. रोमेच्या शिक्षणाने त्याला पोर्तुगीजांसमोर मान वर करून उभे राहावयास शिकविले. हे थोडे नव्हे. परंतु घरून नेलेला जातीचा अभिमान बारा गावचे पाणी प्यायल्यावरही त्याच्याबरोबर परत आला. विद्यालय दूर असले म्हणजे दृष्टी विशाल होते, असे म्हणणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

याच्या उलट दोन उदाहरणे त्याच भूमीत सापडतात. फादर टॉमस स्टीफन्स हा जन्माने इंग्रज; त्याने येशूसंघात प्रवेश केला तो रोमेत, आणि १५७९ साली तो गोव्यास आला. परंतु त्याचे खरे शिक्षण साष्टीच्या खेड्यांत झाले असे म्हणावे लागते. कारण तेथे लोकांमध्ये राहून त्याने त्यांची भाषा अशी आत्मसात केली की १६१६ साली छापलेले त्याचे 'ख्रिस्तपुराण' मराठी साहित्यात आदराने गणले जाते. दुसरा जोसेफ वाझ. हा गोव्याचा, १६५१ साली जन्मलेला. गोव्यातच शिकला, १६७६ साली पाद्री झाला, युरोप त्याने कधी पाहिला नाही. सिंहलद्वीपातील कॅथोलिक लोकांस पाद्री उरले नाहीत असे ऐकून तो १६८७ साली मजुराच्या वेषाने तेथे गेला, तमिळ व सिंहली भाषा शिकला, आणि १७११ साली कँडी येथे मरण पावेपर्यंत त्या लोकांत राहिला. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्याला संतपद दिले. त्या बेटावर कॅथोलिक पाद्र्यांस बंदी करणारे डच लोक आपल्याच प्रॉटेस्टंट पंथाचे होते, हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. पण ते खरे आहे, म्हणून लिहिले पाहिजे.

येथे वाचक म्हणतील, हिंदुस्थान तर परका देश. जेथे युरोपातूनच लोक जाऊन राहिले तेथे युरोपात शिकलेला पाद्री चालत असेल. म्हणून आता अमेरिकेतील हकिकत थोडक्यात सांगतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बाल्टिमोर येथे १७९१ पासून कॅथोलिक विद्यालय होते. परंतु १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्याच्या पिकाचा नाश होऊन भयंकर दुष्काळ पडला, आणि लाखो आयरिश लोक समुद्र ओलांडून गेले. जर्मनीतूनही लोकांचे लोंढे गेले. रेल्वेच्या कामावर, कालव्यांवर, जंगलतोडीवर ही माणसे पसरली. त्यांस पाद्री पुरेनात. आणि जो होता त्याची भाषा पुष्कळांस कळेना. डब्लिन येथे १८४२ सालीच फादर जॉन हँड याने परदेशांत पांगलेल्या आयरिश लोकांसाठी विद्यालय काढले होते. अमेरिकन बिशपांस असे एखादे विद्यालय रोमेत पाहिजे होते. त्याच्या खटपटीसाठी डेट्रॉइटच्या बिशपाचा मुख्य सहायक पीटर किंडेकेन्स हा गेला, पण रोमेत जागा मिळेना. परतताना तो आपल्या जन्मदेशी बेल्जममध्ये थांबला, आणि तेथे त्याला आश्रय मिळाला. लुईव्हिलचे बिशप स्पॉल्डिंग व डेट्रॉइटचे बिशप लेफेव्हेर यांनी उचल घेतली, आणि १९ मार्च १८५७ रोजी लूव्हेन शहरात 'अमेरिकन कॉलेज' उघडले. त्या शहराचे विद्यापीठ १४२५ सालचे, तेव्हा अध्यापनाची उणीव नव्हती. रोमेतील अमेरिकन कॉलेजही पुढे १८५९ साली निघाले.

लूव्हेनच्या कॉलेजाचे हेतू दोन होते. युरोपातील जे तरुण अमेरिकेत जावयास तयार असतील त्यांस पारखून शिकवावे, हा एक; आणि अमेरिकेतील निवडक विद्यार्थ्यांस उच्च शिक्षणासाठी तेथे पाठविता यावे, हा दुसरा. पहिला हेतू तर पुष्कळच साधला. बेल्जम, हॉलंड, जर्मनी येथील शेकडो तरुण इंग्रजी शिकून अमेरिकेत गेले. त्यांपैकी घेंट शहरचा चार्ल्स सेगर्स १८६३ साली पॅसिफिक किनाऱ्यावरील व्हिक्टोरिया येथे गेला, बिशप झाला, आणि अलास्कातील मूळ रहिवाशांकडे बर्फातून जात असता २८ नोव्हेंबर १८८६ रोजी आपल्याच एका सोबत्याच्या गोळीने मारला गेला. अशा माणसांच्या निष्ठेविषयी कोण शंका घेईल?

परंतु बाहेरून आलेल्या पाद्र्यांनी केलेले सर्वांत मोठे काम कोणते, तर त्यांनी स्वतःची गरज संपविली. १९०८ पर्यंत अमेरिकेची कॅथोलिक मंडळी रोमेच्या त्याच प्रोपगंदा मंडळाखाली, मिशनक्षेत्र म्हणून, गणली जात होती. त्या वर्षी ती त्यातून मुक्त झाली. आणि तीनच वर्षांनी, १९११ साली, अमेरिकन कॅथोलिकांनी परदेशी मिशनरी पाठविण्यासाठी मेरीनोल येथील आपली संस्था स्थापिली. लूव्हेनचे कॉलेज २०११ साली व डब्लिनचे २०१६ साली बंद झाले. आज हिंदी कॅथोलिक पाद्री जर्मनीत व अमेरिकेत जाऊन तेथील मंडळ्यांची सेवा करीत आहेत. किंडेकेन्स याला हे कोणी सांगितले असते तर त्याने विश्वास ठेवला नसता!

रोमेनेही हिंदुस्थानाविषयी तोच मार्ग शेवटी धरला. तेराव्या लिओने १८९३ साली हिंदुस्थानच्या पाद्र्यांसाठी विद्यालय काढले ते रोमेत नव्हे, तर कँडी येथे. आणि १९५५ साली ते पुण्यास आणले गेले. मातेउश रोमेस गेला त्यास तोवर तीनशेहून अधिक वर्षे झाली होती.

आपल्या मराठी मंडळ्यांचा इतिहास याहून लहान आहे. अमेरिकन मराठी मिशनाने अहमदनगर (हल्लीचे अहिल्यानगर) येथे १८७८ साली धर्मशिक्षणाचे विद्यालय काढले, त्याचा भार डॉ. रॉबर्ट ह्यूम यांनी पुष्कळ वर्षे वाहिला. ह्यूमसाहेबांचा जन्म मुंबईचा, आणि ते मराठी बोलत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही तेथे अध्यापन केले. विद्यार्थी खेड्यांतून येत आणि खेड्यांतच परत जात. औरंगाबादेकडे चर्च मिशनरी सोसायटीचे काम रतनजी नवरोजी यांनी अनेक वर्षे चालविले. ते जन्माने पारशी. तेव्हा लोकांमध्ये जन्मलेलाच मनुष्य लोकांचा होतो असा नियम सांगता येत नाही. साष्टीतील तो इंग्रज आणि औरंगाबादेतील हा पारशी, दोघेही लोकांचे झाले. आणि आपल्याच गावचा, आपल्याच रक्ताचा उपदेशक चार वर्षांनी परत येऊन उपासनेच्या वेळी निम्मे इंग्रजी बोलतो, व महारवाड्यात किंवा मांगवाड्यात मुक्काम करावयास कचरतो, हेही आम्ही आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आरंभी वाचलेल्या सहाव्या अध्यायाकडे आता पुन्हा पाहावे. यरुशलेमेत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होऊ लागली. प्रेषितांनी काय केले? निवड करण्याचे त्यांनी मंडळीवर सोपविले. आणि निवडलेल्या सातांची नावे वाचली तर ती सर्व ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा झाली त्यांच्या भाषेची माणसे निवडली गेली. चौदाव्या अध्यायात पौल व बर्णबा गावोगावच्या मंडळ्यांत तेथलेच वडील नेमून पुढे जातात. त्या वडिलांस त्यांनी अंत्युखियास शिकावयास नेले असे लिहिलेले नाही. यावरून विद्यालये नकोत असे मात्र कोणी अनुमान काढू नये. पौल स्वतः गमलियेलाच्या पायांशी शिकला होता, आणि पत्रे लिहिताना ते शिक्षण त्याच्या कामी आले.

शेंद्र्यात हा प्रश्न आता दुहेरी झाला आहे. कारखान्यांमुळे बाहेर प्रांतांतील कामगार भाड्याच्या खोल्यांतून राहू लागले आहेत. रविवारी एखादा उपासनेस येऊन मागे बसतो आणि मराठी न कळल्यामुळे निघून जातो. अमेरिकेतील बिशपांस जे जर्मन मजुरांविषयी वाटले ते आपल्या मंडळीस या पाहुण्यांविषयी वाटले पाहिजे. म्हणजे आपला तरुण शिकून यावा, त्याला हिंदी चांगली यावी, इंग्रजी ग्रंथ वाचता यावेत. आणि त्याने आजीशी बोलावे ते तिच्याच बोलीत. हे सर्व एका माणसात मागणे पुष्कळ आहे, हे आम्ही जाणतो.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा त्या घरी गेलो व मातेउशाची गोष्ट सांगितली. आजोबांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, "त्याला घरून कोणी कागद धाडीत होतं का?" आम्हांस उत्तर देता आले नाही. मग मंडळीच्या वडिलांस बोलावून असे ठरले की, नातू जूनमध्ये विद्यालयात जाईल. दर सुटीस त्याने गावी यावे, व त्याचे येण्याजाण्याचे भाडे मंडळीने द्यावे. गावी असताना उपदेशकाबरोबर त्याने घरोघर जावे, कारखान्याच्या बाजूच्या खोल्यांतही जावे. महिन्यातून एकदा त्याने मराठीत पत्र लिहावे, ते उपासनेनंतर सर्वांसमोर वाचले जाईल. आणि मंडळीतर्फे पाळीपाळीने एकेका घराने त्याला उत्तर लिहावे. पहिली पाळी आजोबांच्या घरची आहे. त्यांस लिहिता येत नाही, म्हणून ते सांगतील आणि शेजारची सातवीतील मुलगी लिहील.